चार ओव्या पाठ, पुराण गायब

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली की फादर स्टीफन्स यांच्या त्या ओव्या फिरायला लागतात. मराठीला रत्नाची, फुलाची, कस्तुरीची उपमा देणाऱ्या. शाळेच्या फलकावर, बँकेच्या शुभेच्छापत्रावर, पक्षांच्या बॅनरवर, सगळीकडे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हाही त्या फिरल्याच. खाली एक ओळ असते, ‘परदेशी धर्मगुरूलाही मराठीची थोरवी कळली होती’. झालं. एवढ्यावर आपलं काम भागतं.

त्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. आपण त्यातल्या चार उचलल्या. बाकीच्या कशाबद्दल आहेत, हे विचारायला कोणी तयार नाही. मी ख्रिस्ती नाही, आणि कुणाला धर्म शिकवण्यासाठीही हे लिहीत नाही. पण एखाद्याचं पुस्तक आपण आपलं म्हणून मिरवतो, तर त्याला काय सांगायचं होतं हे निदान एकदा ऐकून घ्यायला हवं, असं माझं मत आहे. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातल्या विल्टशायरचा माणूस. जेझुइट संघात गेला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. नंतरची चाळीस वर्षं इथेच, बहुतेक सगळी साष्टीत. साष्टी म्हणजे गोव्यातली, मडगाव-राशोलची, ठाण्याची नव्हे. १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं नोंदवून ठेवलंय. विल्यम जोन्सच्या त्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षं आधी. कान तयार असलेला माणूस होता हे नक्की.

त्याने ग्रंथ पुरा केला १६१४ च्या सुमारास आणि १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात तो छापला गेला. लिपी रोमन. स्टीफन्सला देवनागरी नको होती असं समजू नका. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलं की या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. अडचण अशी की युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे सहाशेच्या आसपास साचे लागतात. जोडाक्षरांचा हिशेब त्याने अगदी बरोबर केला होता! साचे काही झाले नाहीत, मराठी रोमनमध्ये छापली गेली. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. आज तिन्हींपैकी एकीचीही प्रत कुठे असल्याचं माहीत नाही.

पहिल्या आवृत्तीचं नाव पोर्तुगीज होतं. आपला तारणारा येशू ख्रिस्त जगात आला, त्याविषयीचं प्रवचन, असा त्याचा अर्थ. ‘पुराण’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि तेच टिकलं. टिकणारच होतं, कारण हा ग्रंथ मागितलाच गेला होता पुराण म्हणून. सुरुवातीलाच स्टीफन्स एक प्रसंग घालतो. साष्टीतला एक ब्राह्मण, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी, पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्याच्या बदल्यात दुसरी काही देत का नाही? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढच्या सगळ्या ओव्या येतात.

हा प्रश्न वाचून क्षणभर थांबायला हवं. ‘बंद केलीत’ हे काही अलंकारिक बोलणं नाही. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्येच आलं होतं. पोथ्या घराघरांतून काढून नेल्या जात होत्या. आपल्या रामायण-महाभारताच्या मराठी-कोकणी कथा रोमन लिपीत उतरवलेली त्या काळची बाडं आजही पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट मारले, कारण हे लोक देवळं पाडून आता इथे चर्च बांधायला आलेत हे त्यांना दिसत होतं. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांची व्यवस्था करणाऱ्यांत स्वतः स्टीफन्स होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकर प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि चौकशी-खटला काही न करता मारून टाकलं. त्यांचं स्मारक कुंकळ्ळीत आहे. गोव्यात जाणाऱ्यांनी बीचवरून थोडी वाकडी वाट करून बघावं.

म्हणजे ज्या ओव्या आपण शुभेच्छापत्रावर छापतो, त्या या धुरातून आल्या आहेत. एक बाजू म्हणेल, मग हवा कशाला हा स्टीफन्स? दुसरी म्हणेल, जाऊ द्या हो जुनं, मराठीचं कौतुक केलंय ना. मला दोन्ही पटत नाहीत. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात सक्ती आहे तशी भूकही आहे. पुराण ऐकल्याशिवाय राहता येत नव्हतं त्या माणसाला. देव बदलला तरी ऐकण्याची रीत बदलत नव्हती.

आता आतल्या मजकुराकडे. ग्रंथाचे दोन भाग आहेत, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. पहिल्यात छत्तीस अवस्वरू, दुसऱ्यात एकोणसाठ. अवस्वरू म्हणजे अध्याय. दुसऱ्यात येशूचा जन्म, शिकवण, क्रूसावरचा मृत्यू, पुनरुत्थान. हे अपेक्षितच आहे. पण त्याआधी छत्तीस अवस्वरू कसले? तर आकाश-पृथ्वीची निर्मिती, देवदूतांचं बंड, आदाम-एवा, नोहाचा जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद आणि वाट पाहणारे संदेष्टे. तारणारा यायच्या आधी एवढी मोठी वाट.

बांदेलूंची देवनागरी प्रत वाचायला घेतली तेव्हा मला हा पहिला भाग पाल्हाळ वाटत होता. मग लक्षात आलं की त्या धर्माचा गाभाच इथे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक ख्रिस्ती विचारवंत होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की हे दुःखाने भरलेलं जग ज्याने बनवलं तो देव वेगळा, आणि येशूने ज्याला बाप म्हटलं तो दयाळू देव वेगळा. ऐकायला सोपं वाटतं, जगातल्या दुःखाचा जाबही कोणाला द्यावा लागत नाही. पण चर्चने ते साफ नाकारलं. ३२५ मध्ये निकिया इथे धर्मसभा भरली तेव्हा श्रद्धेचं जे सूत्र ठरलं, त्यात आधी दृश्य-अदृश्य सगळ्याचा कर्ता देव आणि लगेच त्याच सूत्रात आपल्या तारणासाठी खाली आलेला पुत्र. घडवणारा आणि सोडवणारा एकच. ज्याने हे केलं तोच ते सावरायला उतरला. २०२५ मध्ये त्या सभेला सतराशे वर्षं झाली.

स्टीफन्ससमोर प्रश्न होता तो हे साष्टीच्या शेतकऱ्याला आणि कुलकर्ण्याला ओवीत कसं सांगायचं. कारण आपल्याकडे निर्मितीची गोष्ट आहेच की. ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू पाळतो, शिव संहार करतो, मग प्रलय, मग परत. चाक फिरत राहतं. याउलट स्टीफन्सला सांगायचं होतं की निर्मिती एकदाच झाली, कशातूनही नाही, नुसत्या इच्छेने. कर्ता वेगळा आणि केलेलं वेगळं. आणि त्या कर्त्याने मनुष्यरूप घेतलं तेही एकदाच. आपला श्रोता दशावतार ऐकून मोठा झालेला. ‘अकरावा का नाही?’ हे त्याच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. म्हणून छत्तीस अवस्वरू. एकदाच घडलेल्या गोष्टीला आदि आणि मध्य लागतो, नाहीतर शेवटाचा अर्थ लागत नाही.

शब्दांची तर खरी गंमत आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ वापरतो. ‘मोक्ष’, ‘मुक्ती’ वापरतो. मंगलाचरण करतो तेही पुराणाच्या शिस्तीत, फक्त नमन स्वर्ग-पृथ्वी रचणाऱ्या देवबापाला. आपल्या कानाला मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. त्याला म्हणायचं होतं पापाची क्षमा आणि देवाजवळ कायमचं जगणं. शब्द तोच, आत माल दुसरा. काही जण याला लबाडी म्हणतात. मला वाटतं दुसरा मार्गच नव्हता. परकी गोष्ट सांगायची तर ओळखीच्या भांड्यातच वाढावी लागते, आणि मग भांड्याची चवही पदार्थाला लागतेच. एकदा ‘वैकुंठ’ म्हटलं की पंढरपूर आठवू नका असं सांगता येत नाही.

एक गोष्ट अभ्यासकांच्या बाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. लंडनला मार्सडन संग्रहात या ग्रंथाचं देवनागरी हस्तलिखित आहे. छापील परंपरेत जिथे चर्चचे पोर्तुगीज शब्द आहेत तिथे या हस्तलिखितात बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द येतात. मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं यावर वाद आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पवित्र आत्म्याला काय म्हणायचं याबद्दल चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी मराठीत बसून विचार करत होतं, खोडत होतं, बदलत होतं.

भाषा कोणती, यावर आपले सिंधुदुर्ग-गोव्यातले लोक लगेच बाह्या सरसावतात. स्टीफन्सने स्वतः लिहून ठेवलंय की असल्या विषयाला मराठी सगळ्यांत योग्य, पण लोकांना समजावं म्हणून त्यात इथल्या बोलीचे शब्द मिसळलेत. आणि त्याच माणसाने कोकणीत ख्रिस्ती शिकवणुकीचं पुस्तक लिहिलं (१६२२ मध्ये, तेही मृत्यूनंतर छापलं) आणि कोकणीचं व्याकरण रचलं (१६४०, त्याच्या मृत्यूनंतर छापलं). १९६७ च्या जनमत कौलापासून आपण त्याला दोन्ही बाजूंनी ओढतोय. त्याला बिचाऱ्याला दोन्ही येत होत्या.

१६८४ मध्ये विजरईने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावं आणि देशी भाषा सोडावी. म्हणजे ज्या चर्चच्या छापखान्याने मराठी-कोकणी छापली, त्याच राजवटीने ती तोंडातून काढायला बघितली. पुराण मात्र वाचलं ते लोकांनी. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या प्रती जपल्या, वाचल्या, गायल्या. त्यांच्याच आधारावर १९०७ मध्ये जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, रोमनमध्ये. देवनागरीत यायला १९५६ उजाडलं. शांताराम बांदेलूंनी तो पुण्यात काढला. आपल्या अभिमानाच्या ओव्यांचं पुस्तक आपल्या लिपीत यायला ३४० वर्षं लागली.

आता एक उडी मारतो, एकोणिसाव्या शतकात, कारण हाच प्रश्न तिथे मराठी माणसांनीच हातात घेतला. आता राज्य इंग्रजांचं होतं. देवळं पाडून बाप्तिस्मे देण्याचे दिवस गेले होते. वाद पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून व्हायचे.

नीळकंठशास्त्री गोरे, चित्पावन, वाढले काशीत. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून बायबल वाचायला घेतलं आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. नाव नेहेम्या घेतलं. त्यांचं ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत आहे, पण वाद घालायची पद्धत अस्सल शास्त्र्याची. त्यांचा रोख निर्मितीवर आहे. न्याय दर्शनातला ईश्वर कुंभारासारखा. माती, म्हणजे परमाणू आणि जीव, आधीपासून आहेतच, तो फक्त घडवतो. वेदान्तात तर जग खरं निर्माणच होत नाही. मग, गोरे विचारतात, ज्याने मला शून्यातून केलंच नाही, त्याचा माझ्यावर पूर्ण हक्क कसा, आणि त्याला माझी माया का वाटावी? तुम्हाला उत्तर पटो न पटो. वेदान्ती त्यांना उत्तर देऊ शकतात, दिलीही. पण ‘निर्माता’ हा शब्द किती जड आहे हे गोऱ्यांना वाचून कळतं. गंमत अशी की हा माणूस आयुष्यभर स्वतःच्याच शंकांनी पोळत राहिला. पक्कं उत्तर देणारे बहुधा असेच असतात.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, बायबल जाणत होते. त्यांनी कर्ता घेतला आणि त्याला नवं नाव दिलं, ‘निर्मिक’. एक निर्मिक, सगळी त्याची लेकरं, मध्ये भट नाही, पाद्रीही नाही. ‘गुलामगिरी’त येशूला त्यांनी बळीच्या रांगेत बसवलं, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही. निकियाने जे दोन धागे एकत्र विणले होते त्यातला पहिला फुल्यांनी सोडवून घेतला आणि त्यावर माणसाच्या हक्कांची उभारणी केली. हे मला फार मोठं काम वाटतं आणि यावर स्वतंत्र लिहायला हवं.

पंडिता रमाबाईंची वाट याच्या उलट. गोऱ्यांच्या लिखाणाचा त्यांच्यावर परिणाम झाला, १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण लगेच तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद सुरू! त्रैक्य मला पटत नाही, क्रूसावर लॅटिन अक्षरं का, आमच्या संस्कृताने काय घोडं मारलंय? पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो काही वर्षांनी भेटला. म्हणजे कर्त्यापर्यंत त्या विचाराने पोचल्या, तारणाऱ्यापर्यंत पोचायला वेगळा प्रवास करावा लागला. शेवटची वर्षं त्यांनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. ज्या बाईला आई-वडिलांनी संस्कृत शिकवलं, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं, तिने या कामात संस्कृत जाणूनबुजून दूर ठेवलं. दुष्काळात वाचलेल्या, अक्षर नुकतं गिरवू लागलेल्या बायकांना कळावं एवढाच निकष. छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. स्टीफन्सने पंडिताच्या कानासाठी शब्द उंच नेले, रमाबाईंनी ते चुलीपाशी आणले.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. त्यांच्या अभंगांत तारणारा न्यायाधीश नाही, माउली आहे. नगरच्या, सोलापूरच्या, मुंबईच्या मराठी चर्चमध्ये आजही ती गाणी म्हणतात, पेटी-तबल्यावर. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीत सुरू केलं आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचा बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला, हो, ‘स्मृतिचित्रे’वाल्याच लक्ष्मीबाई, आणि तो छापलेला बघायला त्याही राहिल्या नाहीत, १९३८ मध्ये मुलाने काढला. ‘स्मृतिचित्रे’ आपण डोक्यावर घेतलं. ‘ख्रिस्तायन’ किती जणांनी उघडलं? इथेही तेच. आपल्याला त्या घरातली माणसं आवडली, त्यांचा विश्वास मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवला.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांची निवड जाहीर झाल्यावर काहींनी हरकत घेतली की धर्मगुरू मराठीचा प्रतिनिधी कसा. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता. हरकत घेणाऱ्यांपैकी कितींच्या मोबाइलमध्ये त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला त्या चार ओव्या असतील, याचा हिशेब तुम्हीच करा. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले.

आपल्या या पानावर वसईचे, सावंतवाडीचे, गोव्याचे बरेच वाचक आहेत. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी उपासाच्या दिवसांत, लग्नात किंवा कुणी गेल्यावर ख्रिस्तपुराणाच्या, टिळकांच्या ओळी असायच्या का? कोकणीत ‘रचणार’ आणि ‘सोडवणदार’ म्हणायचे की आणखी काही? चाल कशी होती? आठवत असेल तर खाली लिहा. चाल लिहिता येत नसेल तर रेकॉर्ड करून टाका, आवाज कसाही असू दे.